चोरीला गेलेली छिद्रं

१

एक थेंबही पडला नाही.

काचेच्या नळकांड्यात वर हिरवं पाणी होतं, खाली रिकामी काचेची वाटी होती, आणि मध्ये वहिनींची जाळी होती. वहिनी हातपंप दाबत होत्या आणि दाबाचा काटा वर वर सरकत होता. औषध कारखान्याचे तिघे पाहुणे माना पुढे काढून वाटीकडे बघत होते. काटा लाल रेषेला जाऊन टेकला, तरी वाटी कोरडी ठणठणीतच.

मागच्या खुर्चीवर बसलेल्या फौजदारबाईंनी हातातली पर्स मांडीवर घट्ट धरली. सारी उमर त्यांनी पोलिसात काढली होती आणि गेल्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या होत्या. थोरल्या भावाच्या बायकोचा आज मोठा दिवस, म्हणून त्या मुद्दाम आल्या होत्या. सकाळी चहा ओतता ओतता वहिनींनी त्यांना सगळं समजावलं होतं.

"हिरवं पाणी म्हणजे पिवळा आणि निळा रंग एकत्र, वन्सं. पिवळ्याचे रेणू बारीक, निळ्याचे धिप्पाड. माझ्या जाळीच्या छिद्रांतून पिवळा पलीकडे जातो, निळा अडतो. तुमची नाकाबंदी असते ना, तसंच."

"नाकाबंदीत धिप्पाड माणसंच ओळख सांगून सुटतात, वहिनी."

"माझी जाळी कुणाची ओळख ठेवत नाही," वहिनी हसून म्हणाल्या होत्या.

ती जाळी धातूची नव्हती की मातीची नव्हती. कर्बाच्या रेणूंची कडी कडीत गुंफून विणलेला, कांद्याच्या सालीहून पातळ असा तो पापुद्रा. त्याचं प्रत्येक छिद्र वहिनींनी आधी मनात आखलेलं आणि मगच घडवलेलं. पाहुण्यांच्या कारखान्यात औषधाच्या रेणूबरोबर त्याचा एक बदमाश भाऊबंद तयार व्हायचा. तो पोटात गेला की रोग्याला उलट्या सुरू. त्याला वेगळं काढायला आजवर उंच मनोऱ्यांत सगळं उकळावं लागे, आणि त्यात निम्मं औषध करपून जाई. वहिनींची जाळी हेच काम थंड पाण्यात करणार होती.

करणार होती, पण झालं नाही. संस्थेचे संचालक उठले. उंचेपुरे, करड्या सुटातले. आवाज कसा, मधात बुडवलेला.

"मॅडम, पुरे करा आता. जाळी तुंबलेली आहे."

"साहेब, काल दुपारी चालली होती. तुमच्याच माणसांनी मोजलंय."

"काल चालली आणि आज चालत नाही, असं शास्त्रात होत नसतं." ते पाहुण्यांकडे वळले. "एक तर आज काहीतरी चुकतंय, नाही तर काल सांगितलं ते खरं नव्हतं. आपण जेवून घेऊ. तोवर मॅडमना कारण सापडलं तर ठीक. नाही सापडलं, तर त्यांचं टेबल बंद करावं लागेल, आणि आजवरचे त्यांचे निष्कर्ष खोटे होते असं मला जाहीर करावं लागेल. मला वाईट वाटतंय."

खुर्च्या सरकल्या, बूट वाजले, दालन रिकामं झालं. पंपाच्या दांड्यावरचा हात वहिनींनी अजून काढला नव्हता. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी शेजारणीला साखरेबद्दलसुद्धा खोटं सांगितलं नव्हतं, हे फौजदारबाईंना ठाऊक होतं.

"वन्सं," वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "माझी छिद्रं चोरीला गेली हो."

२

"रडायचं नंतर," फौजदारबाई म्हणाल्या. "आधी मला सांगा, छिद्र नाहीसं होतं म्हणजे काय होतं?"

त्या दोघी आता वहिनींच्या खोलीत होत्या. लांबलचक टेबल, त्यावर ओळीनं काचेच्या बरण्या, आणि कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाची तरी मातीची भांडी आणि भट्टी. वहिनींनी जाळी चिमट्यानं उचलून उजेडात धरली.

"दोनच गोष्टी होतात. एक, जाळी वाळली तर छिद्रं चुरगळतात. ओला कागद वाळल्यावर आकसतो ना, तशी. मग कडा वर वळतात."

"वळल्यात?"

"नाही. मऊ आहे, सपाट आहे. मी रोज सकाळी पाणी बदलते. तो माझा नेमच आहे, आजारी असले तरी चुकवत नाही."

"आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजे छिद्रांत कुणीतरी काहीतरी कोंबलं तर."

फौजदारबाईंचे डोळे बारीक झाले. नोकरीत असताना हे डोळे असे बारीक झाले की समोरचा हवालदार आपोआप सरळ उभा राहायचा.

"कोंबायला काय लागेल?"

वहिनींनी भिंतीतलं कपाट उघडलं. आत दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या, दोन्हींत पांढरी पूड. "हे आमचे मापाचे मणी. मणी म्हणजे रेणूच, पण गोळीसारखे टणक. लहान मणी आणि मोठे मणी. छिद्रात कुठला चपखल बसतो ते बघून आम्ही छिद्राचं माप ठरवतो. हे मणी थोड्या स्पिरिटात विरघळवून बरणीत ओतले, तर त्यांना थंड पाणी आवडत नाही. रात्रभरात ते सगळे छिद्रांत जाऊन दडतील. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसायचं नाही."

"हे कपाट कोण उघडू शकतं?"

"मी. आणि या खोलीच्या किल्ल्या आहेत ते तिघं. संचालकसाहेब, मापन करणारी आमची बाई, आणि या खोलीत माझ्याबरोबर बसणारे मातीवाले. काल संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा धाकटी बरणीत छान तरंगत होती."

"धाकटी कोण?"

इतक्या दुःखातही वहिनींचा चेहरा उजळला. "अहो, दोन जाळ्या जमल्या माझ्या. पहिली जन्मली ती थोरली, तिची छिद्रं बारीक. मागून झाली ती धाकटी, पण तिची छिद्रं चांगली ऐसपैस. थोरलीतून औषधाचा रेणू जाईना, म्हणून तर धाकटी घडवावी लागली. आज बसवली होती ती धाकटी."

"आणि कोंबलेलं बाहेर काढता येतं?"

वहिनींनी जाळी परत पाण्यात सोडली.

"ते कुठले मणी कोंबलेत त्यावर आहे. धाकटीत लहान मणी गेले असतील, तर ते गर्दी करून बसले असतील, पण सैल. कोमट स्पिरिटमध्ये धुतलं की निघतील. मोठे गेले असतील, तर बुचासारखे घट्ट. मग माझी पोर गेली म्हणून समजा. आणि दुसरी घडवायची तर एवढ्या वेळात होत नाही."

"मग धुऊन बघू या."

"धुते. पण वन्सं, हे केलं कोणी? नुसती जाळी सुटून काय उपयोग? ते म्हणतील, मीच आत्ता काहीतरी हातचलाखी केली."

"ते माझ्यावर सोडा," असं म्हणून फौजदारबाई उठल्या आणि दारातच कुणाच्या तरी पोटावर आदळल्या.

३

"अरे वा, जाळीबाईंच्या घरचे पोलीसही आले!"

हे मातीवाले. गुबगुबीत माणूस, सदऱ्यावर मातीचे डाग, आवाज ढोलासारखा. भाजलेल्या मातीच्या गाळण्या करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि वहिनींच्या नाजूक पापुद्र्यांना टोमणे मारल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नसे.

"काल तुम्ही म्हणालात म्हणे, की या जाळीला एक दिवस बूच मारतो?" फौजदारबाईंनी अंदाजानंच खडा टाकला.

"काल? मी रोजच म्हणतो! परवा तर म्हणालो, हिचं झबलं शिवा." मातीवाले हसले, आणि मग एकदम हसायचे थांबले. "पण बाई, खरं सांगू? सकाळी वाटी कोरडी राहिली तेव्हा मला जराही आनंद झाला नाही. भांडायला तोलामोलाचं माणूस लागतं. ही गेली तर मी काय भट्टीशी भांडू?"

"धाकटी चालेल असं वाटत होतं तुम्हाला?"

"कानामागून आली आणि तिखट झाली ती! थोरली नुसती दिसायला देखणी. धाकटीची वीण सैल, पण पिवळा कसा झरझर सोडते. मला बघवत नव्हतं, इतकी छान चालायची."

"काल सगळ्यात शेवटी इथून कोण गेलं?"

"मी नव्हे. मी निघालो तेव्हा मापनवाली आपलं यंत्र पुसत होती."

मापनबाई शेजारच्या खोलीत भेटली. पस्तिशीची, सडपातळ, डोळे रडून लाल झालेले. फौजदारबाईंनी तिला पाणी दिलं. रडणारा माणूस निर्दोष असतो असं नाही, पण तहानलेला मात्र नक्की असतो.

"मी माप घेतलं होतं, बाई. पिवळा पूर्ण पलीकडे आणि निळा पूर्ण अडलेला. ताई खोट्या असतील तर मग मीही खोटी."

"काल जाताना खोली तू बंद केलीस?"

"नाही. मी निघाले तेव्हा साहेब आत आले. पाहुण्यांसाठी मांडणी बघायची आहे म्हणाले. मीच दिवे चालू ठेवून गेले." ती चपापली. "पण साहेब तर रोजच कुठे ना कुठे डोकावतात. तसं मला काही म्हणायचं नाही हं."

"तू काही म्हटलंस कुठे?" फौजदारबाई म्हणाल्या आणि जेवणघराकडे निघाल्या.

४

संचालकांनी त्यांना अदबीनं खुर्ची दिली.

"तुमच्या भावजयीबद्दल मला आदरच आहे. पण सेंद्रिय जाळ्यांचं हे असंच असतं. आज एक, उद्या एक. माझे मनोरे बघा. तीस वर्षं उभे आहेत."

"ते तुमचे मनोरे? उकळून वेगळं काढायचे?"

"त्यांच्यावर नावच आहे माझं." ते हसले. त्या हसण्यात अभिमान होता, आणि त्याच्या मागे फौजदारबाईंना भीतीही दिसली. पोलीस स्टेशनच्या बाकावर त्यांनी ही जोडी पुष्कळदा एकत्र बसलेली पाहिली होती.

"काल संध्याकाळी तुम्ही वहिनींच्या खोलीत गेला होतात."

"अर्थात. मी संचालक आहे. खुर्च्या किती लागतील ते बघितलं." त्यांनी हातरुमालानं ओठ टिपले. "मी मॅडमना आधीच म्हटलं होतं, धाकटी नका बसवू. इतकी बारीक वीण तुंबणारच. पण त्यांचं आपलं एकच, धाकटी, धाकटी."

समोरच्या पेल्यातलं पाणी फौजदारबाई अगदी सावकाश प्यायल्या. मग विचारलं, "वहिनींच्या टेबलाशी बसून तुम्ही त्यांचं काम कधी पाहिलंत का?"

"मला संस्था चालवायची असते हो. कुणाच्या टेबलाशी बसायला वेळ कुठला? येता-जाता कानावर पडतं, तेवढं पुरे होतं."

"कानावर पडलेलं पुरतं कधी कधी," फौजदारबाई उठत म्हणाल्या. "जेवण झालं की पाहुण्यांना वहिनींच्या खोलीत आणाल? कारण सापडलंय."

संचालकांच्या हातातला चमचा ताटलीत पडला आणि खणकन वाजला.

५

खोलीत सगळे दाटीवाटीनं उभे होते. वहिनींनी कोमट स्पिरिटमध्ये जाळी धुतली होती. ते स्पिरिट उडून गेल्यावर बशीत चिमूटभर पांढरी पूड उरली होती. दालनातलं नळकांडं पंपासकट इथं आणून ठेवलं होतं. टेबलावर एक छोटा जांभळा दिवा होता. बशीवर फडकं झाकलेलं होतं.

"मंडळी," फौजदारबाई म्हणाल्या, "जाळी बिघडलेली नव्हती. तिच्या छिद्रांत कुणीतरी मापाचे मणी कोंबले होते. ही बशीतली पूड म्हणजे तेच मणी. लहान की मोठे, ते मी आत्ता सांगणार नाही. या जांभळ्या दिव्याखाली लहान मणी निळे चमकतात आणि मोठे हिरवे. ते आपण सगळे मिळून बघू. पण त्याआधी मला तिघांना एक साधा प्रश्न विचारायचाय."

पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"मातीवाले, समजा धाकटीला बूच मारायचं काम तुमच्याकडे आलं. कुठली बाटली उचलाल?"

"मोठी!" ते गरजले. "त्यात विचारायचं काय? मी चोर झालो तरी कामचुकार चोर नाही होणार."

"मापनबाई?"

"मोठे मणी," ती पुटपुटली. "लहान राहतील तिथं सैल. मी स्वतः मोजलंय."

"आणि साहेब, तुम्ही? तुमचं ज्ञान तर सगळ्यांत जास्त. मोठेच ना?"

फौजदारबाईंनी हे इतक्या भाबडेपणानं विचारलं, की संचालक होण्याआधी अर्धा जन्म वर्गासमोर उभं राहून काढलेल्या त्या माणसाला राहवेना. चुकीचं उत्तर ऐकलं की त्यांची जीभ आपोआप सुटायची. आत्ताही ती मेंदूच्या आधी सुटली.

"चूक! तिघंही चुकताय तुम्ही." त्यांनी फळ्यावर लिहावं तसं हवेत बोट नाचवलं. "मोठा मणी धाकटीत शिरेलच कसा? थोरली म्हणजे मोठ्या छिद्रांची, धाकटी म्हणजे लहान छिद्रांची. नाव सांगतंय की! धाकटीला लहान मणीच..."

ते थांबले.

मातीवाल्यांनी डोक्याला हात लावला. "अहो साहेब! धाकटी म्हणजे मागून जन्मलेली! आमच्या धाकट्या मेहुण्याचं पोट दारातून आत येत नाही, तरी तो धाकटाच."

"थोरली आधी झाली म्हणून थोरली," वहिनी म्हणाल्या. "छिद्रं धाकटीचीच मोठी आहेत. माझ्या टेबलाशी जो एकदा जरी बसलाय, त्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे."

"धाकटीला लहान मणी घालावे, असं या खोलीच्या किल्ल्या बाळगणाऱ्यांत एकाच माणसाला वाटू शकतं," फौजदारबाई म्हणाल्या. "मापनबाई, दिवा लावा. मातीवाले, खिडकीचा पडदा ओढा."

खोली अंधारली. फौजदारबाईंनी बशीवरचं फडकं उचललं.

बशी निळीशार चमकत होती.

हिरव्याचा मागमूस नव्हता. ती चमक सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पडली होती, पण संचालकांच्या कपाळावरचा घाम तिच्यात जास्तच उठून दिसत होता.

"मला संस्थेचं भलंच..." त्यांनी सुरुवात केली. मग त्यांनाच ते पुढे रेटवेना. "माझे मनोरे पाडले असते तुम्ही," ते एकदम म्हणाले, आणि तो मधाचा आवाज कुठल्या कुठे विरून गेला. "हिच्या एका पापुद्र्यासाठी! माझं नाव आहे त्यांच्यावर!"

"नाव तुमचंच राहिलं असतं, साहेब," वहिनी हळुवारपणे म्हणाल्या. "मी माझ्या शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर तुमच्या मनोऱ्यांचे आभार मानलेत. त्यांनीच मला शिकवलं, काय वेगळं करायचं राहिलंय ते."

म्हाताऱ्या पाहुण्यांनी शांतपणे दाराकडे हात दाखवला, आणि संचालक गेले. पुढचं काय ते संस्थेचं मंडळ बघणार होतं. त्याची फिकीर या खोलीत कुणालाच नव्हती.

६

मातीवाल्यांनी पडदा सर्रकन उघडला. उजेड आत आला.

वहिनींनी जाळी नळकांड्यात बसवली. हिरवं पाणी ओतलं, झाकण आवळलं आणि पंपाच्या दांड्याला हात घातला. मग काय वाटलं कोण जाणे, त्या बाजूला झाल्या.

"तुम्ही दाबा," त्या म्हाताऱ्या पाहुण्यांना म्हणाल्या.

"मी?"

"सकाळी मी दाबलं आणि तुम्ही बघितलंत. आता तुम्ही दाबा, मी बघते. म्हणजे कुणाच्या मनात शंका राहायची नाही."

गृहस्थांनी कोट काढून मापनबाईच्या हातात दिला. बाह्या सरसावल्या. एकदा दाबलं, दोनदा दाबलं. काटा हलला. फौजदारबाई पुढे वाकून वाटीकडे बघू लागल्या.

आणि जाळीच्या खाली एक थेंब लोंबला. फुगला. टपकन वाटीत पडला.

पिवळा! सोन्यासारखा पिवळा, निळ्याचा लवलेश नाही. त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला, आणि मग थेंबांची धारच लागली. वर नळकांड्यात हिरव्याचं निळं होत चाललं होतं आणि खाली वाटी पिवळ्यानं भरत होती. मापनबाई टाळ्या वाजवू लागली, आणि हातातला कोट खाली पडला ते तिला कळलंही नाही.

"अहो जाळीबाई," मातीवाले ओरडले, "कारखान्यात एवढा दाब द्यायचा तर हिला खालून भक्कम आधार लागेल. माझ्या भाजलेल्या मातीचा पाट घ्या हिला! तुमची वीण, माझी माती!"

"तडे नाही ना जायचे तुमच्या मातीला?"

"तोंड सांभाळा! तडे म्हणे!"

"मग घेतला," वहिनी म्हणाल्या, आणि बारा वर्षांच्या भांडणानंतर पहिल्यांदाच मातीवाले जाळीचं माप घ्यायला पट्टी शोधू लागले.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. भावाचा होता. फौजदारबाईंनी तो कानाला न लावता सरळ नळकांड्याजवळ धरला.

"हॅलो? हॅलो? अगं, काय झालं? हा टपटप आवाज कसला?"

"दादा, तुझी बायको जिंकल्याचा," फौजदारबाई म्हणाल्या.

वाटी काठोकाठ भरली. वहिनींनी ती अलगद काढून दुसरी सरकवली आणि म्हाताऱ्या पाहुण्यांच्या खांद्याला हात लावला.

"झालं हो. दिसलं ना सगळ्यांना? थांबा आता, दमाल तुम्ही."

गृहस्थांचा शर्ट घामानं भिजला होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला होता आणि चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. त्यांनी दांडा काही सोडला नाही.

"थांबतो, थांबतो," ते धापा टाकत म्हणाले. "अजून एकच वाटी, बाई. ही एकच."